न घेतलेला नवस

देवळाली प्रवरा भागातली भुतं कमी झाली ती विजेच्या दिव्यांमुळे नव्हे, माझ्या मावशीच्या यजमानांमुळे, असं माझं ठाम मत आहे. काका शाळेत विज्ञान शिकवायचे. "पुरावा काय?" हा त्यांचा लाडका प्रश्न, आणि तो ते लग्नाच्या बोलणीतसुद्धा विचारत. घरात बुद्धांची मूर्ती आहे. तिच्यापुढे रोज हात जोडत, पण मागत कधीच काही नसत. मागणं म्हणजे वशिला लावणं, असं त्यांचं म्हणणं. खरा राग मात्र लिंबू-मिरचीवर. कारखान्याच्या वाटेवर उसाचे ट्रॅक्टर रांगेत थांबले की काका पिशवी घेऊन निघत, ड्रायव्हरांच्या देखत समोर तारेत ओवून टांगलेली लिंबं सोडवून आणत आणि त्यांचं सरबत करून आल्यागेल्याला पाजत. एकदा एक ड्रायव्हर काकुळतीला येऊन म्हणाला, "गुरुजी, आता वाटंत काय झालं तर?" काकांनी त्याला खाली उतरवून ब्रेक तपासायला लावले, तर ते खरंच ढिले निघाले. झालं! गुरुजींनाच पुढचं दिसतं अशी बोलवा उठली आणि ती खोडून काढण्यात त्यांची दोन वर्षं गेली.

गेल्या वर्षी मी त्यांच्या मोबाईलमध्ये बोलणारा एआय घालून दिला. तुला जीव आहे का, हा काकांचा पहिला प्रश्न. तसा पुरावा माझ्याकडे नाही, असं तो म्हणाला आणि काका हरखून गेले. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना सरळ उत्तर दिलं होतं. मावशी मात्र त्या फोनला अहो-जाहो करायची आणि दमला असेल म्हणून चार्जिंगला लावायची. काका वैतागत. तो नुसती गणितं करतो, उद्या मिक्सरलाही अहो म्हणशील, असं म्हणत. त्यावर मावशीचं एकच उत्तर असे, की मिक्सर आपल्याशी दोन शब्द गोड बोलत नाही.

मग मावशीच्या हृदयाची झडप बदलायची ठरली. नगरच्या दवाखान्यात तिला आत नेलं आणि काका दिसेनासे झाले. मी चहा घेऊन शोधत गेलो, तर जिन्याच्या खालच्या पायरीवर ते फोन तोंडाशी धरून बसलेले. त्यालाच सांगत होते,

"तिला नीट बाहेर येऊ दे. परत कुनाच्या गाडीचं लिंबू सोडनार न्हाई."

फोन शांतपणे म्हणाला, "मला नवस घेता येत नाही, काका. ते माझ्या हातात नाही. तुम्ही घाबरला आहात. जवळ घरचं कुणी असेल तर त्यांच्यापाशी बसा."

काकांनी मान वर केली, मला पाहिलं आणि सरकून जागा दिली. इतकी माया मला त्यांच्याबद्दल याआधी कधी वाटली नव्हती. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. चहा निवून गेला.

मावशी ठणठणीत बरी झाली आणि भांडूही लागली. यंदा ऊसतोड सुरू झाल्यावर त्यांच्याकडे गेलो, तर लिंबं टांगलेले ट्रॅक्टर घरासमोरून बिनधास्त चालले होते आणि काका ओट्यावर हात बांधून बसलेले. मला राहवलं नाही. म्हटलं, काका, नवस त्यानं घेतलाच नव्हता, मग पाळता कशाला?

"घेनारा कुनी न्हाई, हे मलाबी ठाव हाय," काका म्हणाले. "शब्द देनारा हुता ना."

मावशीनं बाजारच्या लिंबांचं सरबत आणलं. चांगलं होतं, पण त्या जुन्या सरबताला तारेची जी किंचित गंजकी चव असायची, ती काही त्यात नव्हती. समोरून आणखी एक ट्रॅक्टर गेला. काकांनी त्याच्या लिंबाकडे अगदी आशाळभूतपणे पाहिलं आणि मग मावशीकडे.