आमच्याकडं लीप आला नाही

हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही, पण कुणाच्या हाती पडलंच तर आधी माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे, ओळ सुरू होते एका उंचीवर आणि संपेपर्यंत खाली उतरते. कुठं पहिली वेलांटी आणि कुठं दुसरी हे चौथीपर्यंत कळलं नाही आणि चौथीनंतर शाळा झाली नाही. तेव्हा चुकलं असेल तिथं सांभाळून घ्या. मला मालिकांबद्दल लिहायचं आहे. चार माणसांत बोलायला गेले की शब्द घशात अडकतात, आणि मतं तर खूप आहेत.

पहिलं मत म्हणजे मालिकेतल्या घरात कुणाला काम नसतं. स्वयंपाकघरात ओटा कोरडा. नायिका फोडणी देते आणि साडीवर एक डाग नाही. भांडी कोण घासतं ते कधी दाखवत नाहीत. दुसरं मत असं की सासरा बदलला तरी घरातलं कुणी विचारत नाही. आम्ही बघत होतो त्या मालिकेत एक दिवस सासऱ्याच्या खुर्चीत वेगळाच माणूस येऊन बसला. सगळे त्याला बाबा म्हणाले, सुनेनं चहा दिला. मला दोन रात्री चैन पडली नाही. आधीचा माणूस वारला का, भांडून गेला, की पैशांवरून बिनसलं, काही सांगायला नको का?

तिसरं मत माझं एकटीचं आहे. मला नायिकेपेक्षा वाईट बाई आवडते. तिला काय पाहिजे ते ती तोंडानं बोलते. नायिकेला कुणी विचारलं, काय झालं, की ती म्हणणार, काही नाही. मग शंभर भाग त्या ‘काही नाही’वर चालतात. मला तिचा राग येतो, कारण मीही तशीच आहे.

आमचं गाव खालापूरजवळ. माहेर माझं कर्जतच्या बाजूचं, पण आता तिकडं जाणं होत नाही. आमचे मिस्टर माथेरानला एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात आहेत, सीझनला महिना महिना खाली येत नाहीत. मी कुंभिवलीला मसाला पॅकिंगच्या कंपनीत जाते. मोठी जाऊ पण तिथंच आहे. घरं आमची शेजारी, मध्ये एकच भिंत.

आमचा जुना टीव्ही विजेच्या झटक्यात जळला, तेव्हापासून मी जावेकडं बघायला जायचे. नवीन घ्यायला मी पगारातून थोडे थोडे करून बारा हजार साठवले होते. शिळफाट्याच्या दुकानात जाऊन टीव्ही बघूनही आले होते. दुकानदारानं रिमोट माझ्या हातात दिला, मी लाजून परत ठेवला. तेवढ्यात जावेच्या मुलीचं लग्न ठरलं. हळदीला माणसं येणार आणि घरात कोबा फुटलेला.

“लादी बसवून घेते गं,” जाऊ म्हणाली. “तुझे ते पैसे दे. दिवाळीपातूर देते.”

मी दिले. लादी आली, पांढरी, मध्ये तपकिरी रेघा. लग्न झालं, मुलगी सासरी गेली, दिवाळी गेली. मी रोज संध्याकाळी त्याच लादीवर दाराजवळ बसून मालिका बघत होते. जाऊ म्हणायची, सोफ्यावर बस गं. मी म्हणायचे, इथंच बरं. पायाच्या अंगठ्यानं मी लादीची फट घासत बसायचे आणि जाहिराती लागल्या की उगाच उठून अंगणात जाऊन यायचे. पडद्यावर काय चाललंय ते निम्मं कळायचं नाही.

आता टेंपोचं सांगते. कंपनीचा टेंपो सकाळी आम्हाला न्यायला येतो. टेंपोत आपल्या घरचं कुणी बोलत नाही, तशी आमच्यात रीतच पडली आहे. घरचं बोललं की संध्याकाळपर्यंत घरी पोचतं. म्हणून जे काही बोलायचं ते मालिकेवर घालून बोलायचं. कुणाची सून उशिरा उठत असली तर सासू म्हणणार, बघितली का ती मालिकेतली, दहा वाजले तरी खोलीत. सगळ्यांना समजतं आणि कुणाला रागावता येत नाही. सगळ्यात जास्त बोलते ती ड्रायव्हरच्या पाठीला पाठ लावून बसणारी म्हातारी. तिच्या घरी टीव्ही नाही. ती टेंपोत ऐकून ऐकूनच सगळी मालिका सांगते, आणि आम्ही बघितलेल्यापेक्षा तिची बरी असते.

तर त्या मालिकेत नायिकेनं आपल्या बांगड्या काढून धाकट्या दिराला धंद्यासाठी दिल्या. कुणाला सांगितलं नाही. रिकामे हात पदराखाली झाकून फिरायला लागली. दुसऱ्या दिवशी टेंपोत तिचं कौतुक चाललं होतं.

“मोठं मन लागतं असं करायला,” म्हातारी म्हणाली.

“नाय तर काय,” जाऊ म्हणाली. “आन् घरच्याला दिलेलं काय मोजत बसायचं असतं?”

ती बाहेर रस्त्याकडं बघत होती. मला कळलं ते कुणासाठी होतं. उत्तर माझ्याकडं तयार होतं, पण मी कंपनीच्या गेटपर्यंत डब्याची पिशवी सारखी करत बसले.

तेव्हापासून मी एकाच गोष्टीसाठी मालिका बघायला लागले. नायिकेनं बांगड्या परत मागाव्यात. एकदा तिनं मागितल्या की दुसऱ्या दिवशी टेंपोत तो विषय निघणार. मग मी नुसतं म्हटलं असतं, बरोबर केलं तिनं. एवढं मला जमलं असतं. पण लिहिणारे तिला मागू देत नव्हते. एकदा ती दिराच्या खोलीच्या दारापर्यंत गेली, हात वर केला, आणि भाग संपला. मला रात्रभर ते दार दिसत होतं. दुसऱ्या दिवशी तिचा हात तसाच वर होता, तेवढ्यात फोन वाजला. मग देवीचा उत्सव आला, मग कुणाची तरी स्मृती गेली. दर संध्याकाळी मी भात पटकन उतरवून जायचे आणि परत यायचे तेव्हा डोकं ठणकत असायचं. इतकी वर्षं मालिका बघते, पण लिहिणाऱ्यांचा असा राग कधी आला नव्हता.

आणि मग लीप आला. ज्यांनी मालिका बघितल्या नाहीत त्यांना सांगते. मालिका रखडली की एका संध्याकाळी पडदा पांढरा होतो आणि अक्षरं येतात, सहा वर्षांनंतर. सगळ्यांची पोरं मोठी झालेली असतात, नायिकेच्या केसांत एक पांढरी बट असते. मधल्या सहा वर्षांत कोण आजारी पडलं, कुणी कुणाचं काय बुडवलं, ते सगळं गेलं. दीर मोठा साहेब झाला होता. नायिकेच्या हातात नव्या बांगड्या होत्या, कुठून आल्या ते सांगितलं नाही. मालिकांमध्ये मी पुष्कळ खोटं बघितलं आहे, पण लीपएवढं मोठं खोटं नाही. आम्हाला सहा वर्षं काढायची म्हटली तर एकेक दिवस काढावा लागतो.

सकाळी जाऊ टेंपोत चढली ती खुशीत.

“बरं झालं लीप घेतला,” ती म्हणाली. “जुनं सगळं गेलं. बांगड्या आन् बिंगड्या, कोण आठवत बसतंय आता?”

बायका हसल्या. म्हातारी पण हसली. मला वाटलं, आता माझे पैसे गेले. ही सुद्धा मनात सहा वर्षं पुढं गेली. आणि माझाच आवाज मला ऐकू आला.

“तेंच्याकडं आला लीप,” मी म्हटलं. “आमच्याकडं नाय आला, वयनी.”

मी ‘आमच्याकडं’ म्हणाले होते. घरचं नाव टेंपोत काढलं होतं. म्हातारीनं माझ्याकडं बघितलं, मग डबा उघडून बघितला, मग बंद केला. कुंभिवली येईपर्यंत जाऊ बाहेर बघत राहिली.

त्या दिवसापासून मी तिच्याकडं गेले नाही. तिनंही बोलावलं नाही. संध्याकाळी भिंतीपलीकडून मालिकेचं गाणं यायचं आणि माझं हातातल्या कामावर लक्ष राहायचं नाही. घासलेली भांडी परत घासायचे. रडणं ऐकू यायचं, पण कोण रडतंय ते कळायचं नाही. मिस्टरांचा फोन आला की मी म्हणायचे, काही नाही. टेंपोतही बायका मालिकेवर बोलायच्या बंद झाल्या. पोरांच्या परीक्षेवर आणि गॅसवर बोलायला लागल्या. म्हातारी एकदा वैतागून म्हणाली, “माझी मालिका कुणी बंद केली गं? मी कुठं बघू आता?”

मग एका संध्याकाळी जाऊ मागच्या दारानं आली. मी पीठ मळत होते. तिनं माझ्या ओट्यावर पैसे ठेवले आणि वर तांब्या ठेवला, वाऱ्यानं जाऊ नयेत म्हणून.

“अर्धे हायेत,” ती म्हणाली. “बाकीचे भिशी लागली की.”

मी हात धुवायला वळले.

“तू मागत नव्हतीस,” ती म्हणाली. “मी म्हटलं, हिला घाई नाय. मागायचं तर तोंडानं मागायचं ना गं. टेंपोत चारचौघीत मागितलंस.”

“घरात जमलं नाय, वयनी.”

“दिसलं ते.” ती दारापर्यंत गेली आणि थांबली. “आन् उद्यापासून बघायला ये. एकटीनं काय कळत नाय. तू तिथं बसून च्यक् करतेस ना, तवा मला समजतं का आता हे काय तरी उलटं दाखवतायत.”

मला माहीत नव्हतं मी च्यक् करते.

दुसऱ्या दिवशी मी गेले. मधले भाग बुडाले होते, पण जाऊ सांगत गेली. दिराचा धंदा बुडाला होता. बांगड्यांचं नाव अजून कुणी काढलं नव्हतं. मी लादीवरच बसले, सवयीनं. फट घासायला अंगठा गेला, मग मी पाय आखडून घेतला. टेंपोत म्हातारीला मालिका परत मिळाली. तिनं पुढच्या आठवड्यात काय होणार तेही सांगितलं, आणि ते जवळपास तसंच झालं.

भिशी जावेला पौषात लागली. त्या संध्याकाळी नायिका परत कुणाच्या तरी दारासमोर हात वर करून उभी होती, आणि जाहिराती लागल्या. जावेनं टीव्हीवरचं कापड उचललं, खालून पैसे काढले आणि माझ्यासमोर लादीवर ठेवले.

“मोज,” ती म्हणाली.

“नको, वयनी. असतील.”

“मोज गं. त्या बाईसारखं नको करूस.”

टीव्हीवर साबणाची जाहिरात चालू होती. मी पैसे उचलले, बोट ओलं केलं आणि तिच्यासमोर एकेक नोट मोजली. पुरे होते.