सलग साडेसात तास

गजभियेबाबू अर्जातली विशेषणं खोडायचे. आम्ही पोटतिडकीनं लिहून आणलेला 'घोर अन्याय', 'असह्य छळ', 'जुलमी कपात' असा सगळा माल लाल पेन्सिलीनं बाहेर काढायचे आणि उरलेलं मोठ्यानं वाचून दाखवायचे. दोन पानांच्या चार ओळी उरत. "साहेब लोकाइले आपला राग वाचाचा पगार भेटत नाही गा," ते म्हणायचे. "काय पाहिजे, तेवढं लिही."

ते तारखात्यातून निवृत्त झाले होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तारा ठोकल्यामुळे कमी शब्दांची सवय हाडात मुरली होती. आमच्या संघटनेचे ते सचिव. लकडगंजात एका लाकडाच्या वखारीवर आमची खोली होती. रेडिओ, अॅम्प्लिफायर, इंटरकॉम, स्टॅबिलायझर बनवणारे आम्ही वीस-बावीस जण. सरकारदरबारी आमची गणना दुरुस्तीवाल्यांत होत असे. संघटनेला नफा कमवायचा नव्हता. आमच्या वतीनं सरकारशी बोलायचं, एवढंच तिचं काम. आणि तिच्या वतीनं बोलणारा माणूस असा, की कचेरीत दोन वाक्यं बोलून गप्प बसायचा. मला याचाच संताप यायचा.

मी चौथी शिकलेला. पंखेदुरुस्तीच्या दुकानात हातानं तार गुंडाळत शिकलो आणि त्यातून स्वतःची शेड उभी केली. घासाघीस केल्याशिवाय मी देवळाबाहेरचा नारळही घेतला नाही. दुप्पट मागायचं, आवाज चढवायचा, मग निम्म्यावर यायचं. माझं पोट याच विद्येवर भरलं होतं.

सत्तरचं दशक सरत असताना वीजकपात आली. आमच्या लाइनवर वीज दिवसातून आठेक तास मिळे, पण तुकड्यांनी. दोन तास यायची, तास-दीड तास जायची. त्याच लाइनवरच्या आरागिरण्यांचं भागत होतं. वीज आली की करवत पुन्हा फिरते. माझं भागत नव्हतं. स्टॅबिलायझरची कॉइल वार्निशमध्ये बुडवून विजेच्या भट्टीत सलग भाजावी लागते. मध्येच भट्टी गार झाली की वरून कडक साय धरते आणि आतलं वार्निश चिकटच राहतं. अशी कॉइल महिनाभरात जळते. खेड्यांतल्या दवाखान्यांत लस ठेवायच्या फ्रिजसाठी माझ्याकडे सरकारी मागणी होती. मुदतीत माल दिला नाही, तर नाव काळ्या यादीत गेलं असतं आणि शेडला कुलूप लागलं असतं.

बाबूंनी एका ओळीची मागणी लिहिली: आहे तेवढीच वीज द्या, पण आठ तास सलग द्या. मी म्हटलं, सोळा लिहा, ते आठवर आणतील. आठ लिहाल तर चारच हातात पडतील. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हा भाजीबाजार नोहे, शेषराव. तिथं तू बोलू नको."

वीज कचेरीत आम्ही चौघे गेलो. मोठे अभियंता साहेब सभ्य माणूस होते. अर्ज वाचून ते म्हणाले, आठ तास सलग देणं कठीण दिसतं. झालं. माझं डोकं फिरलं. टेबलावर हात आपटून मी म्हणालो, आठ कशाचे, आम्हाला सोळा पाहिजेत, तुम्ही बोला किती देता.

साहेबांनी अर्ज घडी करून परत दिला. कागदावर आठ, तोंडी सोळा; आधी आपसात ठरवा आणि मग या, म्हणाले. मुदतीला तीन आठवडे उरले होते.

त्या संध्याकाळी बाबूंनी इतिवृत्ताच्या वहीत लिहिलं, 'शेषराव बोरकर यांनी ठरल्याबाहेर आकडा सांगितल्याने अर्ज परत आला.' मी वही ओढली. म्हटलं, एवढी खोडाखोडी करता, हेही खोडा.

"विशेषण दाखव," ते म्हणाले. "खोडतो."

ते वाक्य अजून तसंच आहे. आजही कोणी संघटनेचा इतिहास चाळला, तर माझं नाव त्या एकाच ओळीत सापडतं. पुढे मी किती माल दिला, किती पोरं कामाला लावली, याची तिथं नोंद नाही. याचा राग माझा गेलेला नाही, आणि जाईल असंही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबू शेडवर हजर. हातात घड्याळ आणि पाठकोरा कागद. भट्टी तापायला किती वेळ, भाजायला किती, उतरायला किती, विचारू लागले. मी अंदाजानं आठ सांगितले. "अंदाज काहून? मोजू," म्हणाले. शेजारच्या आरागिरणीतला डिझेलचा जनरेटर मी हातापाया पडून दिवसभरासाठी आणला, आणि हा म्हातारा भट्टीजवळ घामानं निथळत बसून राहिला. शेवटी साडेसात तास भरले.

त्यांनी नवा अर्ज लिहिला: 'आधी आठ तास मागितले होते. मोजले असता साडेसात पुरतात. अर्धा तास परत करीत आहोत.'

मी कपाळ बडवून घेतलं. देणाऱ्यानं काही द्यायच्या आधीच परत करायचं, असा सौदा मी बापजन्मात पाहिला नव्हता. या वेळी त्यांनी मला कचेरीत आत नेलंच नाही. बाहेर सायकलींपाशी उभं केलं. दहा मिनिटांत ते आले. अर्जाच्या कोपऱ्यात साहेबांची सही होती: मागणीप्रमाणे मंजूर, सकाळी सहा ते दीड.

"काय म्हणाले साहेब?" मी विचारलं.

"म्हणाले, आजवर जो आला तो जास्तच मागून राहिला. कमी करणारे तुम्हीच पहिले."

बाबू पुढे दहा वर्षं सचिव राहिले. मग नंदनवन वस्तीत लेकीकडे राहायला गेले आणि तिथेच वारले. शोकसभेत सगळ्यांनी त्यांच्यावर भरभरून विशेषणं उधळली. मी बोललो नाही. मला ते आठवतात ते नव्या वेळापत्रकाच्या पहिल्या दिवशीचे.

त्या दिवशी सहाला वीज आली. मी भट्टी लावली आणि दर पाच मिनिटांनी तिच्या लाल दिव्याकडे बघत बसलो. बाबूही येऊन खुर्चीत बसले होते. अकरा वाजले, बारा वाजले, दिवा गेला नाही. दीडला काही मिनिटं असताना मी पहिली कॉइल काढली, गार होऊ दिली आणि नखानं दाबून पाहिली. कडक खणखणीत. एक कापून पाहिली, आतूनही तशीच. मी पोत्यावर बसलो आणि त्यांना सांगायला मान वळवली, तर त्यांची मान छातीवर कलंडलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि तोंड किंचित उघडं. गाढ झोपले होते.

तेवढ्यात कामावरची पोरं आरडाओरडा करत आत शिरली. आयुष्यात कधी हळू न बोललेला मी, ओठांवर बोट ठेवून उभा राहिलो.