मागच्या गल्लीतलं दार

तिला सगळे ओळंबा म्हणायचे. भिंत सरळ उभी आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. बाई गवंडीकाम करायची, बापाकडून शिकलेली, आणि बोलणंही तसंच, सरळ तोंडावर. कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

धाकटा भाऊ तिच्याजवळच राहायचा. बस चालवायचा. दारू पिऊन गाडीवर गेला म्हणून डेपोनं त्याला घरी बसवलं. हिनं साहेबाच्या हातापाया पडून एक संधी मिळवली. महिनाअखेरीच्या तपासणीपर्यंत थेंबाला शिवायचं नाही, मग गाडी परत. भाऊही मनापासून झटत होता. पण त्याच्या रोजच्या वाटेवर, शाळेसमोरच, दारूचं दुकान. "ताई, ते दार समोर आलं ना, की पाय आपोआप वळतात गं," तो म्हणाला. खोटं बोलत नव्हता बिचारा.

मग ही उठली. सिमेंटच्या हातांनी घरोघर फिरून बायका गोळा केल्या आणि वस्तीच्या सभेत जाऊन उभी राहिली. अध्यक्ष म्हणाले, "बाई, लोकांच्या पिण्यावर आपल्याला बंदी घालता येत नाही." ती म्हणाली, "कोण म्हणतंय घाला? शाळेसमोरून उचला आणि तुमच्या अंगणात उघडा." सभा हसली, अध्यक्ष तेवढे हसले नाहीत. भांडून भांडून नियम झाला. शाळेच्या फाटकापासून रस्त्यानं शंभर मीटरच्या आत दारूच्या दुकानाचं दार नको.

आठवडाही उलटला नाही तोच बांधकामाचा ठेकेदार तिच्याकडे आला. "दुकान उठतंय. पुढचं दार बुजवायचंय. तूच ये, तुझाच मान." बाईला आभाळ ठेंगणं झालं. एकेक वीट अशी बसवली की सुई जाणार नाही. ठेकेदार म्हणाला, आता मागच्या गल्लीत एक दार काढून दे, नवा भाडेकरू तिकडून येणार आहे. हिनं तेही काढलं. गवंड्याची खोडच ती. भिंतीबद्दल शंभर प्रश्न विचारतील, भाडेकरूबद्दल एक नाही.

नवा भाडेकरू कोण? तोच. त्याच बाटल्या, तोच गल्ला, तोच मेला हसरा मालक. वस्तीच्या समितीची माणसं टेप घेऊन आली. मागच्या दारापासून गल्लीला वळसा घालून फाटकापर्यंत मोजलं, तर शंभराच्या वर भरलं. झालं. नियम पाळला गेला, सगळ्यांनी चहा घेतला आणि घरी गेले. असल्या अकलेला काय ओवाळायचं?

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरा घाव संध्याकाळी बसला. कामावरून येताना ती मुद्दाम त्या गल्लीतून निघाली, आणि त्या दारातून तिचा भाऊ बाहेर आला. पिशवी पोटाशी धरलेली, डोळे तांबारलेले. तिला बघून तो पळाला नाही. हसला.

"पुढून जायचं म्हणजे लाज वाटायची ताई. शाळेतल्या बाई बघायच्या, पोरं बघायची. इथं कोणी बघत नाही." त्यानं चौकटीवरून हात फिरवला. "दार मात्र झकास झालंय. तुझा हात लगेच ओळखला मी."

तिनं स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडला होता, तोही ओळंबा लावून.

सकाळी ती अध्यक्षांच्या घरी गेली. ते म्हणाले, "नियम तुम्हीच मागितलात बाई, आणि दुकान नियमात बसतंय. बदल हवा तर पुढच्या सभेत बघू."

"पुढच्या सभेपर्यंत माझा भाऊ मरेल."

"असं टोकाचं बोलू नये."

ती तशीच उठली. हातगाडीवर विटा भरल्या, सिमेंट घेतलं, पाण्याची बादली घेतली आणि दुकान उघडायच्या आधी गल्लीत पोचली. पहिला थर, दुसरा थर. बंद दारापुढे भिंत चढू लागली. आजूबाजूच्या बायका बाहेर आल्या आणि कोणी काही न सांगता गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. मालक आला तो बोंबलतच.

"वेड लागलंय का? पोलीस बोलावतो."

"बोलाव," ती म्हणाली आणि पुढची वीट ठेवली.

भिंत कमरेपर्यंत आली तेव्हा बायकांमधून वाट काढत भाऊ आला. रात्रीची उतरली होती, पण हात कापत होते. भिंतीकडे बघत तो खुळ्यासारखा उभा राहिला. त्या क्षणी तिला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि त्याला पोटाशी धरून रडावंसंही वाटलं. मालक त्याच्याकडे वळून म्हणाला, "अरे, सांग तुझ्या बहिणीला. तू तर माझा रोजचा माणूस."

तिनं मान वळवली नाही.

"बघत काय उभा राहिलास?" ती म्हणाली. "विटा भिजव."

त्यानं एक वीट उचलली. हातातून निसटून ती फुटली. त्यानं दुसरी उचलली आणि दोन्ही हातांनी धरून बादलीत बुडवली.