सिंकमधली नावं

बर्मिंगहॅमला मी हॉस्पिटलमध्ये मेडिकल सेक्रेटरी होते, आणि शनिवारी सकाळी दोन बस बदलून एका पत्रकाराचं पुस्तक टाइप करायला जायचे. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध लिहिलं म्हणून त्यांच्यावर बंदी आली, देश सोडावा लागला. इथे ते संध्याकाळच्या वर्गांना तत्त्वज्ञान शिकवायचे. पुस्तक त्यांच्या जुन्या वस्तीतल्या माणसांवर होतं. गोऱ्यांच्या घरचे कपडे धुणारी बाई, बस ड्रायव्हर, शाळामास्तर. ज्यांनी गाजावाजा न करता वर्णभेदाचे कायदे मोडले अशी.

पहिल्याच दिवशी त्यांनी नियम सांगितला. टाइप करताना नाव नाही, नुसतं एक अक्षर. माणसं अजून तिथेच राहतात. माझा गोंधळ होत असेल तर खरं नाव ते सांगतील, मी चिठ्ठीवर लिहायचं, तेही फाउंटन पेनने, आणि निघताना चिठ्ठी फाडून सिंकमधल्या पाण्यात सोडायची. बॉलपेन चालणार नाही, त्याची शाई धुतली जात नाही. मला हा सगळा प्रकार अति वाटायचा. पण घर त्यांचं, नियम त्यांचा.

एकदा मात्र मी बोललेच. "तुमचं म्हणणं काय, तर सरकारने माणसाचं नाव पुसलं आणि त्याला वर्णाच्या खान्यात टाकलं. आणि तुम्ही काय केलंत? के, एम आणि आर."

"तात्पुरतं आहे ते, मॅडम."

"सरकारही तेच म्हणत असेल."

ते खोकला येईपर्यंत हसले, आणि मग त्यांनी पुढचं पान माझ्यापुढे सरकवलं.

नव्वद साली तिकडच्या बंद्या उठल्या. आता नावं घालू या, असा मी धोशा लावला. नाही. बंदी उठली तरी पोलीस तेच आहेत, काळ्या-गोऱ्या सगळ्यांचं मतदान होऊ दे. चार वर्षं गेली. पुस्तक केव्हाच तयार होतं, प्रकाशक पत्रांवर पत्रं पाठवत होता, आणि हे एकेका वाक्यातला स्वल्पविराम काढायचे आणि पुढच्या शनिवारी परत घालायचे. घरी नवरा विचारायचा, झालं का गं तुझं महाभारत?

मतदान झालं. त्यानंतरच्या एका शनिवारी त्यांनी सगळी नावं सांगितली, एकेका अक्षरापुढे एक, तीसेक तरी असतील. हाताशी तेच पेन होतं, त्यानेच मी लिहून घेतली. ते दमले, खुर्चीतच डोळा लागला. मला एकची बस गाठायची होती. मी टाइपरायटरवर कव्हर घातलं, कप विसळले, टेबल आवरलं, आणि दर शनिवारसारखा तो कागद फाडून पाण्यात सोडला. पाणी निळं झालं तेव्हा लक्षात आलं. काढायला हात घातला तर लगदा आला.

त्यांना उठवून सांगितलं. म्हणाले, "इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझा नियम न कुरकुरता पाळलात. पुढच्या शनिवारी परत लिहू."

बुधवारी त्यांना स्ट्रोक आला. वाचा गेली, उजवा हात गेला.

आठवली तेवढी नावं मी टाइप केली. अकरा. वॉर्डमध्ये नेऊन वाचून दाखवली. बरोबर असेल तर डावं बोट उचला, म्हटलं. दहा वेळा बोट उठलं. एक नाव मी चुकीचं धरलं होतं, ते खोडलं. यादी संपली तरी ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"एवढीच आहेत," मी म्हटलं.

मग नर्सकडून अक्षरांचा बोर्ड मागून आणला आणि त्यांच्यापुढे धरला. बोट बराच वेळ फिरलं आणि 'के'वर थांबलं. पुढचं अक्षर दाखवा, म्हटलं. पुन्हा 'के'. परत विचारलं. 'के'.

के म्हणजे ती कपडे धुणारी बाई. तिच्यावरची चाळीस पानं मीच टाइप केली होती. ती गोऱ्यांच्या कपड्यांच्या गाठोड्यात यांचे लेख घालून शहरात पोचवायची. पोलीस दुसऱ्यांच्या मळक्या चादरींना हात लावत नसत. तिच्या गुडघ्याचं दुखणंसुद्धा मला पाठ होतं. नाव तेवढं नव्हतं.

पुस्तक पुढच्या वर्षी निघालं. दहा जण नावानिशी आहेत. ती 'के' आहे.