शुक्रवारची आंबील

जव्हार संस्थानात आमचा छोटा मठ होता. आम्ही चौघीजणी. मी वसईकडची, सर्वांत धाकटी. माझ्याबरोबर दवा द्यायला पाड्यांवर जाणारी थोरली सिस्टर गोव्याची. ईस्टरआधीच्या उपासकाळात मठाचा नियम कडक असेच, पण तिचा स्वतःचा नियम त्याहून कडक. ती फळीवर निजे, उशी घेत नसे, आणि शुक्रवारी सूर्य बुडेपर्यंत पाण्याशिवाय काही तोंडात घालत नसे. मला तिचा धाक वाटे. खरं सांगायचं तर हेवाही वाटे.

अशाच एका शुक्रवारी आम्ही मोखाड्याच्या वाटेवरच्या पाड्यावर गेलो. बैलगाडी मिळत होती, तिने नको म्हटलं. चढण संपता संपता ती मटकन खाली बसली आणि आडवी झाली. जवळच्या घरातली बाई धावत आली. आम्ही दोघींनी तिला उचलून ओसरीवर आणलं. पाणी मारल्यावर तिने डोळे उघडले.

बाईने वाडग्यातून नागलीची आंबील आणली. सिस्टरने ओठ मिटून मान फिरवली.

"घ्या ना थोडी," मी म्हटलं.

तिने बोटाने आकाश दाखवलं. ऊन अजून डोक्यावर होतं.

बाई वाडगा धरून उभीच राहिली. मग हळूच म्हणाली, "आमच्या घरचं चालं नाय का तुला? बामनीण हायस?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिच्या घरचं न खाणारी माणसं तिने पूर्वीही पाहिली असणार. वाडगा घेऊन ती आत वळली.

"थांब बाई," सिस्टर म्हणाली. ती उठून बसली, वाडगा मागून घेतला आणि सगळी आंबील प्यायली. बाईने आणखी ओतली, तीही प्यायली.

संध्याकाळी तिने मठाच्या प्रमुख मदरसमोर गुडघे टेकून उपास मोडल्याचं सांगितलं आणि प्रायश्चित्त मागितलं. मदर म्हणाल्या, "ईस्टरपर्यंत ज्या घरी जे देतील ते खायचं. वार पाहायचा नाही. हीच आज्ञा."

तिचा चेहरा उतरला. "मदर, दुसरं काहीही द्या."

"दुसरं तुला सोपं जातं," मदर म्हणाल्या.

तिने आज्ञा पाळली. कुणी भाकर दिली, कुणी उकडलेले कंद, एकदा वास मारणारी सुकी मासळी. ती सगळं संपवायची. एकदा मी विचारलं, "अजून जड जातं?"

"जातं," ती म्हणाली. "उपास मी माझ्या मनाने धरला होता. हे मी मागितलं नव्हतं."

ईस्टरनंतर आज्ञा संपली. तिने फळी काही सोडली नाही. पण पाड्यावर कुणी ताट पुढे केलं की ती मला खूण करायची आणि आम्ही दोघी ओसरीवर बसून जेवायचो.