चार सुऱ्या आणि एक झोपाळा

११ मार्च, मंगळवार. काम: तुरुंगाच्या किचनची तपासणी होताना बाजूला उभं राहायचं आणि तोंड बंद ठेवायचं. दुसरा भाग मला जमत नाही.

मी आयुष्यभर एमआयडीसीतल्या बिस्किटांच्या फॅक्टरीत क्वालिटी कंट्रोल केलं. आता आमच्या भागातल्या एका कारागृहाची अशासकीय अभ्यागत आहे. म्हणजे पगार नाही, पण आत जाऊन जेवण, पाणी, संडास बघायचा आणि शेरा मारायचा अधिकार आहे.

त्या दिवशी प्रश्न एका काउंटरचा होता. कैद्यांना भेटायला आलेले नातेवाईक गेटबाहेर सकाळपासून उन्हात ताटकळतात. जवळपास साधा वडापाव मिळत नाही. नाश्ता आत कैद्यांनी बनवायचा आणि बाहेर शिपायाने विकायचा, असं ठरलं होतं. विकायचं तर अन्न सुरक्षेचा परवाना हवा.

किचनचा मुख्य कमळाकर, जासई गावचा. तो कशासाठी आत आहे ते मी विचारत नाही, माझं काम डाळीपुरतं. त्याने मला आधीच बजावलं होतं, "मॅडम, काउंटर झालाच पायजे. शुक्रवारी माझी बायको येते. घरी व्हतो तवा तिला कदी चाय पन करून दिली नाय. आता येवढ्या मानसांचं रांधतो, तिला एक प्लेट नको?"

अन्न सुरक्षा अधिकारी चव्हाण मॅडम आल्या. ओटे, पाणी, डोक्यावरच्या टोप्या, सगळं पास. मग भाजी चिरायच्या टेबलापाशी त्या थांबल्या.

तुरुंगात सुरी मोकळी नसते. ती साखळीने टेबलाला बांधलेली असते. इथे चार सुऱ्या आणि चार लोखंडी साखळ्या. तपासणी होणार म्हणून कमळाकरच्या टीमने त्यांना आदल्या दिवशी भरपूर तेल चोळलं होतं, गंज दिसू नये म्हणून. साखळ्या लग्नातल्या दागिन्यांसारख्या चमकत होत्या. मॅडमनी टिश्यू फिरवला. टिश्यू विटकरी झाला. मग आम्ही सगळ्यांनी चिरलेल्या कोबीकडे बघितलं. कोबीही विटकरी.

"साखळी काढा," मॅडम म्हणाल्या.

"साखळी काढली तर मला काढतील," जेलरसाहेब म्हणाले.

दोघांचंही बरोबर. नव्या साखळ्या घ्यायच्या तर कोटेशन, मंजुरी, त्यात मार्च एंड. चव्हाण मॅडमची तर बदलीची ऑर्डर निघालेली. गुरुवारी शेवटचं येऊन बघते म्हणाल्या, नंतरचे साहेब सगळं पहिल्यापासून बघतील. कमळाकर कोबी उचलून कचऱ्यात टाकायला गेला.

मी विचारलं, स्टेनलेस स्टीलची साखळी चालेल का? गंजत नाही, धुता येते. मॅडम हो म्हणाल्या. भेट म्हणून दिली तर? जेलरसाहेब म्हणाले, अर्ज द्या. दोघं माझ्याकडे जरा संशयाने बघत होते.

नेरुळला घरी आले तर नवरा गॅलरीत झोपाळ्यावर चहा पीत बसलेला. झोपाळ्याला साखळ्या किती असतात? चार. त्याही स्टेनलेस स्टीलच्या. मला हसू आवरेना.

"उठा जरा," मी म्हटलं.

त्याने कारण विचारलं, मी सांगितलं. किती दिवसांसाठी, असंही विचारलं. बघू म्हटलं. तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं.

ते गुरुवारी गेटवर कळलं. हवालदाराने पिशवी उघडून साखळ्या हातात तोलल्या. "मॅडम, लोक इथनं साखळ्या तोडून बाहेर जायचं बघतात, तुमी घेऊन आत चाललात. एक सांगतो, आत गेलेली साखळी परत बाहेर येत नाय. सिक्युरिटी."

मी अर्जावर सही केली.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षातच आली नव्हती. आमच्या साखळ्यांना अधेमधे स्टीलचे मोर आहेत. घरी त्यांच्याकडे कोण बघतो? इथे चारही सुऱ्यांना मोर लटकले आणि सगळं किचन खदखदून हसायला लागलं. फक्त चव्हाण मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी एक मोर डोळ्याजवळ धरला. "याच्या चोचीत कांदा अडकणार."

"टूथब्रश हाय ना," कमळाकर म्हणाला. "आंघोळ घालू त्याला. दोन टाइम."

मॅडम हसल्या त्या ओठांच्या कोपऱ्यातूनच. भिंतीवरच्या स्वच्छतेच्या तक्त्यात त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली: मोर घासणे, सकाळ-संध्याकाळ. मग परवान्याच्या कागदावर सही केली. मी रिक्षात बसून वाटेतला पूल येईपर्यंत हसत होते. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा बघितलं.

धडा एवढाच: झोपाळ्याला साखळ्या साध्या घ्याव्यात. मोरांचं काम वाढतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याला गॅलरीत प्लॅस्टिकचं स्टूल दिलं आणि काउंटरच्या लायनीत जाऊन उभी राहिले. कमळाकरची बायको माझ्या पुढेच होती. शिपायाने तिला पोह्यांची प्लेट दिली, कोणी केलेत तेही सांगितलं. तिने उभ्यानेच खाल्ले. कसे झालेत, मी विचारलं.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली, आणि प्लेट पुन्हा पुढे केली.

माझे पोहे संपवून मी आत गेले आणि अभ्यागताचं काम केलं. कमळाकरला रिपोर्ट दिला: मीठ कमी, प्लेटा दोन.