नझीरनं खोदलेले चर

कुवेतमधल्या वफ्र्याच्या भाजीमळ्यावर पोकलेन चालवणारा नझीर परकार गेला आठवडाभर एका जागी टेकत नव्हता. घास हातात घेऊन उठायचा. कारण साधं होतं: बोर्निओहून अबरारचा फोन आला होता आणि त्यानं विचारलेल्याचं उत्तर नझीरनं अजून दिलं नव्हतं.

कुवेतला येण्याआधी नझीर सात वर्षं तिथे पामतेलाच्या मळ्यासाठी दलदल कोरडी करत होता. जमीन नावालाच, हजारो वर्षं पाण्याखाली साचलेला पालापाचोळा आणि लाकूड. पण गडी दापोलीकडच्या खाजणातला. बापानं बांध घालून, खारं पाणी बाहेर काढून भात पिकवलेला. पाणी काढलं की जमीन सुधारते, हे याच्या हाडीमाशी खिळलेलं. साहेबाच्या नकाशात चौदा चर होते. या पठ्ठ्यानं कुणाला न विचारता झाडीतून आणखी तीन मारले. पाणी भराभर उतरलं, साहेबानं पाठ थोपटली आणि नझीरची छाती फुगली. एवढा शहाणपणा करायला कुणी सांगितलं होतं!

खाजणात खाली चिखल असतो, बोर्निओत खालपर्यंत पालाच. तो सुकला, कुजायला लागला, जमीन वर्षाला दोन-तीन बोटं खचत गेली, आणि एका उन्हाळ्यात आतून पेटली. अबरार मूळचा रायगडचा, तिथेच लग्न करून राहिलेला. त्याचं घर त्या आगीत गेलं. तिसरा चोरटा चर बरोबर त्याच घराच्या मागून जात होता.

आता मळा बंद पडला होता आणि गावकरी पाणी परत भरायला चर बुजवत होते. अबरारनं फोनवर सांगितलं होतं, चौदाच्या चौदा बुजवले तरी पाणी थांबत नाही, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पेटेल; आणखी कुठे चर आहे का? नझीर म्हणाला, आठवून सांगतो. आठवायचं काय डोंबल!

जुम्म्याला तो शहरात, सालमिया भागातल्या घरी आला. जेवताना त्यानं मुलीला, जवेरियाला, उगाच विचारल्यासारखं विचारलं, की आग लागली नाही तर अशा जमिनीचं काही बिघडत नाही ना. ती अकरावीत, हे सगळं शिकलेली. म्हणाली, आग नसली तरी कोरड्या पाल्यातून कार्बन हवेत जातच राहतो, अब्बा, पाणी वर येईपर्यंत. आणि तिनं भात वाढून घेतला. नझीरनं हिशेब केला. म्हणजे आपण इथे बसलोय आणि ते तीन चर तिथे अजून काम करताहेत.

तो ताटावरून उठला आणि फोन लावला.

"अबरार, चौदा नाय, सतरा आहेत. तीन मी मारले. कुणाला सांगितलं नव्हतं."

अबरारनं एकच विचारलं.

"माझ्या घरामागून जातो एक?"

"हो."

नझीर फोन आपटल्याच्या आवाजाची वाट बघत उभा राहिला.

"कुठून सुरू होतो, ते सांग," अबरार म्हणाला. "फावडं घेऊन निघतो मी."